चार-पाचजण निघालो की गाडीच काढावी लागते. एसटीला, बसला 'घरटी तिकीट' का नसावं?

वाटसरू_कोथरूड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

आम्ही घरात पाचजण. मी, बायको, आई (वय ६८), मुलगी १३ ची आणि मुलगा ९ चा. कोल्हापूरला मामाकडं वर्षातनं चार-पाच खेपा होतात. एकटा असलो की डोळे झाकून एसटी. स्वारगेटला चढायचं, खिडकी धरायची, साताऱ्याच्या पुढं डोळा लागला की उठायचं ते थेट कोल्हापुरात. पण सगळे निघालो की गाडी निघते आणि दरवेळी मला चुटपुट लागते, कारण मला मनापासून एसटीनंच जायचं असतं.

हिशोब बघा. अंतर २३० किमी धरा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, त्यानंतर साध्या गाडीचं पूर्ण तिकीट चारशेच्या आसपास पडतं. सोपं जावं म्हणून ४०० च धरतो. आमची गाडी पेट्रोलची, हायवेला १६ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे पंधराशेचं पेट्रोल. टोल खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार, पण ऑगस्ट २०२५ पासून जो फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय तो काढलाय, ३००० रुपयांत २०० वेळा, म्हणजे नाक्याला १५ रुपये, चार नाक्यांचे ६०. एकूण १५६०.

आता एसटी. माझं पूर्ण ४००. बायको, आई, मुलगी यांना महिलांचं अर्धं, मुलाचं लहान म्हणून अर्धं. म्हणजे १२००. वाटलं जिंकलो! पण स्वारगेटपर्यंत जायचं कसं? पाच माणसं आणि चार पिशव्या एका रिक्षात बसत नाहीत. दोन रिक्षा, प्रत्येकी १२० च्या घरात. तिकडं उतरल्यावर परत दोन, सगळे मिळून शंभर-सव्वाशे. झाले की १५६०, रुपयाला रुपया. आणि बरोबरी झाली की गाडीच जिंकते, कारण ती दारात उभी असते.

मूळ दुखणं मला असं दिसतं की तिकीट आहे दरडोई आणि गाडी आहे घरटी. गाडीत पाचवा माणूस बसला म्हणून पेट्रोल जास्त लागत नाही, बसमध्ये मात्र माणूस वाढला की पैसे वाढले. मग बसचं पण 'घरटी तिकीट' का नसावं? बाहेर कुठं असं आहे का? आपल्याकडं जमेल का? अनुभव लिहा.

लालपरी_लव्हर

अगदी मनातलं. धाग्याला +१. पाटी घेऊन बसतोय.

हिशोबनीस

वाटसरू, तुमचा गाडीचा हिशोबच अर्धा आहे. फक्त पेट्रोल-टोल धरलात. टायर, सर्व्हिसिंग, विमा, गाडीची उतरत जाणारी किंमत हे कोण धरणार? मी दहा वर्षं वहीत लिहितोय, मला किलोमीटरला १० ते ११ रुपये पडतात. म्हणजे कोल्हापूर २३०० च्या पुढं. एसटी आजही स्वस्तच आहे, लोकांना हिशोब येत नाही एवढंच.

वाटसरू_कोथरूड

@हिशोबनीस, तुमचं गणित बरोबर आहे, पण सकाळी सहाला किल्ली उचलताना कुणी ते मांडत नाही. हप्ता जातोच, विमा भरलेलाच असतो, गाडी दारात उभी राहिली तरी तिची किंमत उतरतेच. निघताना खिशातून जे नोटेनं जातं तेच दिसतं, आणि एसटीला त्याच आकड्याशी झुंजायचंय. गाडी घ्यावी की नको हे ठरवताना तुमचा आकडा खरा. आज गाडी काढावी की नको हे ठरवताना माझा.

दोनचाकी

पुण्यात तर गाडीपेक्षा स्कूटर ही खरी सवत आहे बसची. आम्ही चौघं मोठी माणसं, वारज्यातून मनपाला जायचं. १ जून २०२५ पासून पीएमपीचे दर ५ किमीला १०, १० किमीपर्यंत २० रुपये. म्हणजे चौघांचे ८०, जाऊन-येऊन १६०. दिवसाचा पास काढला तर ७० गुणिले चार, २८०. दोन स्कूटर काढल्या तर जाऊन-येऊन दोन्हीला मिळून एक लिटरसुद्धा लागत नाही, म्हणजे शंभराच्या आत. आणि दोन लहान मुलं असलेलं कुटुंब एकाच स्कूटरवर बसतं, पुढं एक उभं, मधे एक दाबून. ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण ती माणसं हौसेनं बसत नाहीत हो, एकदा जाण्यातच बसला लागणाऱ्या पैशात त्यांचा पूर्ण दिवस निघतो.

शिवडी_ते_सांताक्रूझ

मुंबईचं सांगते. लोकलला हा प्रश्नच नाही. चर्चगेट ते विरारचं सेकंड क्लासचं तिकीट वीस रुपयांच्या आत येतं, सहाजण असलात तरी गाडी जवळपासही येत नाही. खरी गोची स्टेशनपासून घरापर्यंत. बेस्टचं किमान भाडं २०१९ ला ८ वरून ५ केलं होतं, मे २०२५ मध्ये ते १० झालं. रिक्षाचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून २६ ला पडतं. आता आम्ही तिघं स्टेशनातून बाहेर आलो, घर दीड किलोमीटर. बस ३०, रिक्षा २६. भाडं ५ होतं तेव्हा १५ विरुद्ध रिक्षा, तेव्हा आम्ही बसच्या रांगेत उभे राहायचो. एकट्यासाठी बस आजही स्वस्त आहे पण तिघांसाठी नाही, आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर बघा, बायको-मुलांना घेऊन आलेला माणूस थेट रिक्षाकडं वळतो.

त्यात ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. आधी ४५ रुपये होता. गाडीवाल्याला आनंद होणारच, मलाही झाला, पण त्याच बैठकीत कुणी बसवाल्या कुटुंबाचं नाव काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

गडवाट

वाटसरूंच्या घरात चार अर्धी तिकिटं आहेत म्हणून बरोबरी तरी झाली. आमचं बघा. चार मित्र, सगळे तिशीतले पुरुष, सवलत कुठलीच नाही. कोल्हापूर १६००. एकाची सीएनजी गाडी आहे, तिला २३० किमीला नऊशे-साडेनऊशे, टोलचे ६०, हजारात काम. प्रत्येकी अडीचशे. दीडशे रुपये माणशी वाचतात ते कोण सोडणार? शिवाय पन्हाळ्यावर पहाटे पाचला पोचायचं असतं.

जुलै २०२५ पासून एसटीनं दीडशे किमीच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केलं तर पूर्ण तिकिटाला १५ टक्के सूट दिलीय, गर्दीचे हंगाम सोडून. ती धरली तर १३६०. पेट्रोलच्या गाडीच्या खाली आलं, सीएनजीच्या वरच राहिलं. पण पाऊल बरोबर दिशेला पडलंय हे मान्य करावं लागेल.

टप्पा_सहा

मी वाहक आहे, २२ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

पहिली गोष्ट, एसटीला गट कळत नाही असं नाही. शाळेची सहल असेल तर निम्म्या भाड्यात गाडी जाते. लग्नाला प्रासंगिक करारावर गाडी मिळते. आषाढीला गावात ४० वारकरी जमले की गावातून थेट पंढरपूरला गाडी सोडतात. गणपतीला मुंबईतून कोकणात गटाची आरक्षणं होतात, २०२५ ला त्यावर ३० टक्के जादा लावायचं चाललं होतं कारण गाड्या येताना रिकाम्या येतात, पण लोकांनी आवाज केला आणि ते मागं घेतलं. म्हणजे एसटीला एक माणूस कळतो आणि चाळीस माणसं कळतात. मधले जे चार-पाच आहेत ना, ते कुणाच्याच कोष्टकात नाहीत. आणि गाडी नेमकी तेवढ्याच माणसांची असते.

दुसरी गोष्ट सवलतीची. ७५ च्या वर मोफत ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना अर्धं १७ मार्च २०२३ पासून. या सवलतींचे पैसे शासन महामंडळाला देतं, प्रतिपूर्ती म्हणतात त्याला. तुम्ही म्हणता ते घरटी तिकीट काढलं तर त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न अधिकारी पहिल्या मिनिटाला विचारतील. त्याचं उत्तर माझ्याकडं आहे. आमच्याकडं भारमान म्हणतात, म्हणजे गाडी किती भरली ते. रविवारी संध्याकाळी कोल्हापूरहून पुण्याला येणारी गाडी बघा, उभं राहायला जागा नसते. तीच गाडी बुधवारी दुपारी निघते तेव्हा मी मागच्या सीटांवर कुणाच्या पिशव्या आहेत तेवढंच बघून येतो. डिझेल तेवढंच जळतं, माझा आणि चालकाचा पगार तेवढाच. त्या रिकाम्या सीटवर कुणी दोनशे रुपये देऊन बसला तर ते दोनशे निव्वळ आलेले. शासनाकडं मागायलाच नको.

म्युनिकची_मावशी

टप्पा_सहा, शेवटचा परिच्छेद वाचून उठून उभी राहिले! जर्मनीत हेच केलंय आणि तेही तीस वर्षांपूर्वी. १९९५ ला रेल्वेनं वीकएंडचं तिकीट काढलं, १५ मार्कांत पाच माणसं, साध्या गाड्यांनी देशभर कुठंही. इतकी गर्दी उसळली की नंतर किंमत वाढवत न्यावी लागली, २०१९ ला ते बंद झालं. पण त्याची भावंडं आहेत. आमच्याकडं बायर्न-तिकीट आहे, बव्हेरिया राज्यापुरतं. पहिल्या माणसाचे पूर्ण पैसे, मग पाचापर्यंत पुढच्या प्रत्येकाला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. सोबतची १५ वर्षांखालची आपली मुलं त्यातच. कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर चालतं, म्हणजे ऑफिसची गर्दी उतरल्यावर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. वेगवान गाड्यांना चालत नाही, फक्त राज्यातल्या साध्या गाड्यांना.

आणि वाटसरूंच्या रिक्षांचं उत्तर पण त्यातच आहे. तेच तिकीट शहरातल्या बसला, ट्रामला, मेट्रोला चालतं. आई-बाबा भारतातून आले होते तेव्हा आम्ही पाचजण घराजवळच्या स्टॉपवरून बसलो ते तळ्याकाठी उतरलो, मधे पाकिटाला हात नाही लावला. बाबांनी तिकिटावर सगळ्यांची नावं मराठी वळणाच्या अक्षरात लिहिली. नावं लिहावी लागतात, म्हणजे ते दुसऱ्याला विकता येत नाही.

आता ते देशभराचं महिन्याचं तिकीट निघालंय, २०२३ ला ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं. पण ते माणशी आहे. म्हणून रोज जाणारा ते काढतो आणि पाहुणे आले की आम्ही बायर्न-तिकिटाकडं वळतो.

टेम्सकाठ

इंग्लंडात तीन ते नऊजण एकत्र असले की कमी गर्दीच्या वेळी बऱ्याच रेल्वेगाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते, कार्ड-बिर्ड काही लागत नाही. मुलं असतील तर वर्षाचं फॅमिली कार्ड, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट. मुख्य अट म्हणजे प्रवासात मूल बरोबर हवं. माझी मुलगी पाच वर्षांची झाल्याझाल्या ते घेतलं, आता ती स्वतःच विचारते, 'बाबा, माझ्यामुळं किती वाचले?'

खिडकीपाशी

आपल्या रेल्वेत उलटं झालंय. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं. आधी अर्ध्यात बर्थ मिळायचा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला थांबली ती थांबलीच. आजी-आजोबा, आई-बाप, दोन नातवंडं असे सहाजण निघाले तर पूर्वी सहामधली चार तिकिटं कमी दराची असायची, आता सहाच्या सहा पूर्ण. अशी सगळी मिळून निघणारी घरं त्यानंतर गाडी भाड्यानं घ्यायला लागली, हे आमच्याच सोसायटीत बघतोय.

सिंहगड_सकाळ

तरी पण पुणे-मुंबईला बसायच्या डब्यात माणशी शंभर-सव्वाशे रुपयेच लागतात हो. चौघांचे पाचशेच्या आत. गाडीला नुसता एक्सप्रेसवेचा टोलच २०२३ ला ३२० झाला, आणि तिथं तो वार्षिक पास चालत नाही. म्हणजे भाव रेल्वेचाच चांगला आहे, पण शनिवारचं तिकीट हाताला लागायला पाहिजे ना. माझं म्हणणं, भाव हा मुद्दाच दुय्यम. जागा द्या, लोक येतील.

वऱ्हाडी_ठेचा

समृद्धीवर पण तो पास चालत नाही भाऊ. नागपूर ते मुंबई पूर्ण गेलं तर कारला १४०० च्या वर टोल लागते, एका बाजूचा. आमी नागपूरहून संभाजीनगरले गेलो तवा टोल अन् पेट्रोल पाहून बाबांनी डोक्याले हात लावला. येताना चौघं एसटीनं आलो. म्हणजे टोल असला की बस परवडते, टोल काढला की गाडी परवडते, असं सरळ हाय. बसचं भाडं कमी करा नाही तर टोल माफ करणं थांबवा.

अनुराधा_बारामती

इथं सगळेजण 'कुटुंब तिकीट', 'घरटी तिकीट' म्हणताहेत, मला एक खटकतंय ते स्पष्ट लिहिते.

महिलांचं अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या गावात काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. माझी चुलत सासू. नवऱ्याबरोबर सोडून कुठं गेलेली नाही. आता ती महिन्यातनं एकदा एकटी लेकीकडं जाते. पदराच्या गाठीला मोजून तेवढे पैसे. ती सवलत तिची आहे, घराची नाही. उद्या तुम्ही घरटी तिकीट काढलंत आणि महामंडळ म्हणालं की एक काहीतरी घ्या, मग ते तिकीट कुणाच्या नावावर निघणार? कर्त्या पुरुषाच्या. आणि ती परत कुणाच्या तरी बरोबर जाणार.

दुसरं, गट म्हणजे कुटुंबच कशाला? आम्ही बचत गटाच्या सहा-सात जणी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला माल घेऊन जातो. पापडाची पोती, लोणच्याच्या बरण्या. आम्हाला अर्धं तिकीट आहे पण सामानाचे वेगळे पैसे होतात, मग जीप ठरवतो. आमचा गट कुणाच्या व्याख्येत बसतो?

वाटसरू_कोथरूड

अनुराधाताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, बरं झालं लिहिलंत. तुमचं शंभर टक्के पटलं. असलेल्या कुठल्याच सवलतीला हात लावायचा नाही, त्याच्यावरचं काहीतरी हवं. आणि 'घरटी' हा शब्द मला आवडला होता पण तो सोडतो.

माझ्या मनात असं येतंय: एकत्र निघालेल्या पहिल्या दोघांना जे लागू असेल ते भाडं, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत अर्धं. ज्याचं आधीच अर्धं आहे त्याचं तेच राहील. गडवाट, तुमच्या चौघांचे १२०० होतील.

गडवाट

१२०० झाले तर हजाराच्या सीएनजीपुढं पन्नास रुपये माणशी जास्त. तेवढे मी देतो, कारण येताना चौघंही झोपू शकतो. गाडीत एकाला जागं राहावंच लागतं. गेल्या पावसाळ्यात ट्रेक करून परत येताना गाडी चालवणाऱ्या मित्राचा कराडजवळ क्षणभर डोळा लागला होता, शेजारी बसलेल्यानं स्टिअरिंग धरलं. तेव्हापासून त्या झोपेची किंमत मला कळते.

तिसवाडीकर

गोव्यातून लिहितोय, थोडं विषयांतर. आमच्याकडे साध्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्या माणसाला तिकीट नाही, पैसे चारचाकीला. सगळं घर पायी उतरून फेरीत चढतं आणि पलीकडे बस धरतं. लहानपणापासून बघतोय, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटत नाही. माणूस मोजायचा की गाडी मोजायची एवढाच फरक, आणि त्यावरून लोक कसे निघणार ते ठरतं.

सातारी_कंदी

मी जरा विरोधी सूर लावतो. भाडं निम्मं केलंत तरी माझी आई बसनं येणार नाही. तिला साखर आहे, दर दीड तासाला उतरावं लागतं. गाडीत 'थांब रे' म्हटलं की थांबतो. बसमध्ये ती सकाळपासून पाणी पीत नाही, तोंड सुकून जातं तिचं. एका मोठ्या स्टँडवर स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती तशीच परत येऊन बसली. त्या दिवशी ठरवलं. गट म्हणजे नुसती चार तिकिटं नसतात, त्यात एक म्हातारं आणि एक लहान मूल असतं, आणि सगळा गट त्या दोघांच्या सोयीनं ठरवतो कसं जायचं ते.

दोनचाकी

@सातारी_कंदी हे खरंय. माझ्या मुलीला गाडी लागते, खिडकीची सीट मिळाली तर ठीक, नाहीतर सगळ्यांचा प्रवास नासतो. चौघांना जवळजवळ सीटा मिळाल्या पाहिजेत हे पण तिकिटाइतकंच महत्त्वाचं.

लालपरी_लव्हर

आवळासुपारी द्या मुलीला. आमच्या आजीचा उपाय. अर्धा तास आधी.

शिवडी_ते_सांताक्रूझ

आवळासुपारी नाही, आल्याची वडी. पण मूळ विषयावर या, टप्पा_सहा यांना विचारायचंय: स्टँडवर अनोळखी चौघं 'चला काका, आमच्यात या' म्हणून एक गट करतील त्याचं काय?

म्युनिकची_मावशी

इथं सर्रास करतात, फलाटावर विचारतात 'एक जागा आहे, येता का?' मी विद्यार्थिनी असताना अशीच एका आजोबांच्या गटात बसले होते, त्यांनी दोन तास मधमाश्यांबद्दल सांगितलं.

टप्पा_सहा

होणारच की. ते चौघं तसेही बसनं जाणारच होते, त्यामुळं तिथं एसटीचं नुकसान. म्हणून मी म्हणेन की ही सूट गाडीत चढून नको, आगाऊ आरक्षणावर द्या. एका आरक्षणात तीन ते सहा नावं, सगळे एकाच ठिकाणी चढणार आणि एकाच ठिकाणी उतरणार. म्हणजे सीटा पण शेजारी मिळतील, दोनचाकी म्हणतात तशा. स्टँडवर येऊन जमवाजमव करायला वावच नाही. मशीनवर मला वेगळं काही करायला नको, यादी येते ती बघायची.

आणि वार ठरवून घ्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सुट्टीच्या गर्दीत मागाल तर कुणी देणार नाही, आणि द्यायलाही नको, कारण त्या दिवशी सीट रिकामी नसतेच.

सिंहगड_सकाळ

पण कुटुंबं सुट्टीलाच निघतात ना! मंगळवारी शाळा असते. मग ही सूट कुणासाठी?

टप्पा_सहा

बरोबर विचारलंत. दोन उत्तरं. एक, म्हातारी माणसं, लग्नाची बोलणी, दहावा-तेरावा, दवाखाना, देवदर्शन, कोर्टाची तारीख, यांना कुठं रविवार असतो? माझ्या गाडीत मधल्या वारी तिघं-चौघं एकत्र चढतात ते बहुतेक याच कामाला. आणि यातले कितीतरी आता गावातली इको किंवा जीप ठरवून जातात. ते गिऱ्हाईक आमचं होतं, मी नावानिशी ओळखायचो. दोन, सुट्टीतसुद्धा दोन्ही बाजू भरत नाहीत. शुक्रवारी रात्री पुण्यातून बाहेर फुल, त्याच वेळी पुण्याकडं येणारी मोकळी. शनिवारी दुपारी तसंच. कुठल्या फेरीला भारमान किती हे आगारात रोज लिहिलेलं असतं, त्यावरून फेऱ्या निवडता येतील.

हिशोबनीस

टप्पा_सहा यांनी माझं मत बदललं हे मोकळेपणानं सांगतो. रिकाम्या सीटचा हिशोब आणि गाडीतल्या पाचव्या माणसाचा हिशोब हा एकच आहे. दोन्हीकडं जादा माणसाचा जादा खर्च शून्य. गाडीवाला तो फायदा घेतो, बसवाला घेत नाही.

वाटसरू_कोथरूड

मंडळी, आठ दिवसांनी येतोय. मामांच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून बुधवारी जावं लागलं. मुलांच्या शाळा बुडवल्या आणि धाग्याला स्मरून पाचजण एसटीनं गेलो. कोथरूडातून मेट्रोनं स्वारगेट, तिथं पाचजणांचे मिळून रिक्षांपेक्षा कमी झाले. शनिवार-रविवार असता तर ३० टक्के कमी लागले असते. गाडीत वाहकानं मशीनवर आधी माझं पूर्ण काढलं, मग महिलांची तीन एकत्र, मग मुलाचं अर्धं. तीन कागद निघाले, मुलानं ते घडी घालून कंपासपेटीत ठेवले. बाराशेच्या आतच गेले सगळे.

साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी मुद्दाम उठून मोजलं, १७ सीटा रिकाम्या. आमच्या पुढं एक बाई सुनेला आणि दोन नातवांना घेऊन उंब्रजला निघालेल्या, बोलता बोलता म्हणाल्या एरवी गावातल्या एकाची गाडी घेतो, आज त्याला भाडं लागलं म्हणून एसटीनं आलो. आईनं त्यांच्याबरोबर भाकरी-ठेचा वाटून खाल्ला, उंब्रज येईपर्यंत दोघींनी एकमेकींची सगळी सोयरीक काढली. गाडीतून जाताना मी पुढं बघत असतो आणि आई मागं गप्प बसलेली असते. त्या दिवशी ती चार तास बोलत होती.

तर मी अर्ज लिहितोय, विभाग नियंत्रकांना आणि परिवहन मंत्र्यांना. मसुदा असा: 'एकाच आगाऊ आरक्षणातून एकत्र प्रवास करणाऱ्या ३ ते ६ प्रवाशांस, तिसऱ्या प्रवाशापासून पूर्ण भाड्यात ५० टक्के सूट मिळावी. ही सूट कमी भारमानाच्या फेऱ्यांना आणि मंगळवार ते गुरुवार लागू असावी. सध्याच्या सर्व सवलती आहेत तशाच राहाव्यात. त्याच तिकिटावर त्या दिवशी दोन्हीकडील शहर बसचा प्रवास ग्राह्य धरावा.' काही राहिलं का?

सातारी_कंदी

स्वच्छतागृहाचं एक वाक्य घाला. तेवढं घाला, मग माझी पण सही.

वाटसरू_कोथरूड

घातलं. 'थांब्यांवरील स्वच्छतागृहे उघडी व स्वच्छ असावीत.'

टप्पा_सहा

शहर बसचं वाक्य वेगळ्या अर्जात टाका. ते महामंडळाच्या हातात नाही, पीएमपी आणि तिकडं कोल्हापूरची केएमटी दोघांना विचारावं लागतं. एकत्र टाकलंत तर सगळा अर्जच 'पुढील कार्यवाहीसाठी' म्हणून फिरत राहील. आणि आधी एकाच मार्गावर तीन महिने करून बघा असं लिहा, पुणे-कोल्हापूरच लिहा. एक मार्ग म्हटलं की हो म्हणायला सोपं जातं.

अनुराधा_बारामती

सवलती तशाच राहाव्यात हे वाक्य सगळ्यात वर घ्या, खाली गेलं की कुणी वाचत नाही. आणि एका माणसामागं किती सामान फुकट ते पण विचारा. मग माझी आणि आमच्या गटाच्या अकरा जणींची सही घ्या. दोघी अंगठा लावतील, चालेल का?

वाटसरू_कोथरूड

चालेल ताई. कागद घेऊन मी स्वतः येतो बारामतीला, एसटीनं.